काश्मीरचा वाद सुरू कशामुळे झाला आणि मिटला का नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काश्मीरचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला गाडी 'चूक कोणाची' या स्टेशनावर येऊन थांबते. मग कोणी तेव्हाचे काश्मीरचे महाराज हरिसिंह यांना धरतं, कोणी नेहरूंना, कोणी शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना, कोणी जिनांना. या पानावर दोन प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवले आहेत: वाद पेटला कशाने, आणि तो पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ पेटता राहिला कशाने. पहिल्याचं उत्तर बहुतांशी १९४७ मध्ये सापडतं. दुसऱ्याचं उत्तर तिथे शोधून उपयोग नाही.

वाद नेमका कोणत्या भूभागाचा आहे?

जम्मू-काश्मीर या जुन्या संस्थानाचा. भारताच्या अधिकृत आकड्यांनुसार त्याचं क्षेत्रफळ २,२२,२३६ चौरस किलोमीटर. त्यातले ७८,११४ चौरस किलोमीटर पाकिस्तानच्या ताब्यात आहेत, ३७,५५५ चीनच्या, आणि शक्सगाम खोऱ्याचे ५,१८० चौरस किलोमीटर पाकिस्तानने १९६३ मध्ये परस्पर चीनला देऊन टाकले. उरलेला भाग भारताकडे आहे.

बोलताना आपण सगळ्यालाच 'काश्मीर' म्हणतो. प्रत्यक्षात काश्मीर खोरं हा त्यातला छोटा तुकडा, साधारण १३५ किलोमीटर लांबीचा. जम्मू, लडाख, गिलगिट, बाल्टिस्तान, पूंछ, मीरपूर यांची भाषा, धर्म, बाजारपेठ, सगळंच वेगळं. त्यामुळे 'काश्मिरींना काय हवंय' याला एकच उत्तर कधीच नव्हतं.

इतके वेगवेगळे प्रदेश एका संस्थानात आले कसे?

पहिल्या इंग्रज-शीख युद्धात शिखांचा पराभव झाला. लाहोर दरबाराला, म्हणजे शीख राज्याला, खंडणी भरता आली नाही, म्हणून इंग्रजांनी काश्मीर काढून घेतलं आणि आठवड्याभरात, १६ मार्च १८४६ च्या अमृतसर तहाने, जम्मूचे डोगरा सरदार गुलाबसिंह यांना ७५ लाख नानकशाही रुपयांना दिलं. वर वार्षिक नजराणा ठरला: एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा उत्तम शेळ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. शेळ्यांत सहा नर, सहा माद्या, हेही तहात लिहिलेलं आहे. ज्या लाखो माणसांचा मालक त्या दिवशी बदलला, त्यांच्याबद्दल तहात अवाक्षर नाही.

लडाख त्याआधीच गुलाबसिंहांचे सेनापती जोरावरसिंह यांनी १८३४ पासूनच्या मोहिमांत जिंकलं होतं. गिलगिटकडचा भाग नंतर जोडला गेला. रशियाच्या भीतीने इंग्रज तिथे स्वतःच लक्ष घालत, आणि १९३५ मध्ये त्यांनी गिलगिट साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं. म्हणजे हे संस्थान एका राजघराण्याने आणि साम्राज्याच्या सोयीने बांधलेली मोट होती. राजा हिंदू, प्रजेत १९४१ च्या शिरगणतीनुसार सुमारे ७७ टक्के मुसलमान, आणि बहुतेक जमीन व सरकारी नोकऱ्या मूठभरांच्या हाती.

असंतोष फाळणीच्या बराच आधीचा आहे. १३ जुलै १९३१ रोजी श्रीनगरच्या तुरुंगाबाहेर जमावावर गोळीबार झाला आणि तिथून संघटित राजकारण सुरू झालं. शेख अब्दुल्ला त्यातूनच पुढे आले. त्यांनी १९३९ मध्ये मुस्लिम कॉन्फरन्सचं नाव बदलून नॅशनल कॉन्फरन्स केलं, आणि १९४६ मध्ये 'काश्मीर छोडो' म्हणत महाराजांविरुद्ध उभे राहिले.

फाळणीच्या वेळीच निकाल का लागला नाही?

संस्थानिकाने भारत किंवा पाकिस्तान निवडायचं, भूगोल आणि प्रजा लक्षात घ्यायची, असा सल्ला होता. पण कायद्याने सही राजाची. हरिसिंहांना दोन्ही नको होतं. पाकिस्तानात गेलो तर आपलं भवितव्य काय, ही धास्ती. भारतात गेलो तर तुरुंगात टाकलेल्या अब्दुल्लांच्या हाती सत्ता जाणार, हीही धास्ती. त्यांनी दोन्ही देशांना जैसे थे करार, म्हणजे तूर्त व्यवहार आहेत तसे चालू ठेवण्याचा करार, देऊ केला. पाकिस्तानने तो केला. भारताने आधी बोलू म्हटलं.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हरिसिंह पाकिस्तानात गेले तरी भारत ते वैर मानणार नाही, असं आश्वासन जून १९४७ मध्ये माउंटबॅटन यांनी सरदार पटेलांच्या वतीने महाराजांना दिलं होतं. पटेलांचं मत बदललं ते सप्टेंबरात, जुनागढचं सामील होणं पाकिस्तानने स्वीकारल्याच्या सुमारास. जुनागढ म्हणजे काश्मीरची उलटी बाजू: नवाब मुसलमान, प्रजा बहुसंख्य हिंदू. राजाची सही हे तत्त्व तिथे पाकिस्तानला सोयीचं होतं आणि काश्मिरात भारताला. प्रजेचं मत हे तत्त्व बरोबर त्याच्या उलट. दोन्ही देशांनी एकेका ठिकाणी एकेक तत्त्व पकडलं आणि त्यावर आजही वकिली चालू आहे.

ऑक्टोबर १९४७ मध्ये काय घडलं?

जैसे थे करार करूनही पाकिस्तानकडून येणारं पेट्रोल, मीठ, धान्य अडू लागलं. तेव्हा श्रीनगरचा बारमाही रस्ता झेलमच्या काठाने रावळपिंडीलाच जात होता. जम्मूकडची बनिहालची वाट हिवाळ्यात बर्फाने बंद व्हायची. म्हणजे नस दाबायला सोपी होती. दुसरीकडे पूंछमध्ये करवाढ आणि दडपशाहीविरुद्ध बंड पेटलं होतं. तिथले हजारो पुरुष दुसऱ्या महायुद्धात लढून परतलेले सैनिक होते. जम्मू भागात मुसलमानांच्या मोठ्या कत्तली झाल्या, मीरपूर भागात हिंदू-शिखांच्या.

२२ ऑक्टोबरला वायव्य सरहद्दीकडच्या पठाण टोळ्या मुझफ्फराबादेत घुसल्या. ट्रक, इंधन, शस्त्रं आणि अधिकारी पाकिस्तानातून आले होते. ब्रिगेडियर राजिंदरसिंह यांनी मूठभर सैनिकांनिशी उरीजवळचा पूल उडवून त्यांना थोपवलं, त्यात त्यांचा प्राण गेला. माहुराचं वीजकेंद्र पडलं आणि श्रीनगर अंधारात गेलं. पुढे टोळीवाले बारामुल्लात लुटालुटीत अडकून पडले. ते तसे अडकले नसते तर श्रीनगरचा विमानतळ त्यांच्या हाती लागला असता आणि हे पान लिहायची वेळच आली नसती.

२६ ऑक्टोबर ही तारीख असलेल्या सामीलनाम्यावर हरिसिंहांनी सही केली. तो कागद जरूर पाहावा. सगळ्या संस्थानांसाठी छापलेला तोच नमुना, त्यात छापील 'ऑगस्ट' खोडून हाताने 'ऑक्टोबर' लिहिलेलं. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय भारताकडे. भारताची भावी राज्यघटना मान्य करण्याचं बंधन नाही, असं कलमही त्यातच आहे. कलम ३७० चं मूळ इथे आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांची पहिली शीख पलटण डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरली.

सही आधी झाली की सैन्य आधी उतरलं?

पाकिस्तान हा मुद्दा लावून धरतो, आणि सही नेमकी कोणत्या तासाला झाली यावर इतिहासकारांत खरोखर मतभेद आहेत. माझ्या मते यातून निघणारं तेल फार थोडं. महाराजांनी मदत मागितली आणि सामील होण्याचं ठरवलं, हे कोणी नाकारत नाही. आणि पाकिस्तानचा मूळ आक्षेप सहीच्या वेळेला नाही, सही करण्याच्या महाराजांच्या अधिकारालाच आहे.

नेहरू संयुक्त राष्ट्रांत गेले नसते तर वाद संपला असता का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. १ जानेवारी १९४८ रोजी भारताने सुरक्षा परिषदेत तक्रार नेली ती पाकिस्तान हल्लेखोरांना मदत करतोय अशी. परिषदेने त्याचा 'भारत-पाकिस्तान प्रश्न' करून टाकला आणि फिर्यादी व आरोपी एका बाकावर बसवले. राजनैतिक दृष्टीने हा डाव भारतावर उलटला, यात शंका नाही.

पण दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, जनतेचा कौल घेण्याचं आश्वासन संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या गळ्यात मारलेलं नाही. सामीलनामा स्वीकारताना, २७ ऑक्टोबरच्या पत्रातच माउंटबॅटन यांनी भारत सरकारच्या वतीने ते दिलं होतं. दोन, युद्ध पुढे चालवून सगळा प्रदेश मिळवणं सोपं नव्हतं. मे १९४८ पासून पाकिस्तानचं नियमित सैन्य उतरलेलं होतं. गिलगिट तर नोव्हेंबर १९४७ च्या सुरुवातीलाच, तिथल्या स्काउट्स या स्थानिक दलाच्या बंडानंतर, हातचं गेलं होतं. युद्धबंदी १ जानेवारी १९४९ ला झाली.

मग सार्वमत का झालं नाही?

कारण त्याच्या अटींचा क्रम. १३ ऑगस्ट १९४८ चा ठराव सांगतो: आधी युद्धबंदी, मग टोळीवाले आणि पाकिस्तानचं सैन्य बाहेर, त्यानंतर भारताने आपल्या फौजेचा मोठा भाग मागे घ्यायचा, सुव्यवस्थेपुरती ठेवायची, आणि मग जनमत. पाकिस्तानने आपलं सैन्य काढलं नाही. आधी भारत किती काढणार ते ठरू द्या, असं म्हटलं. भारत म्हणाला, आधी तुम्ही. पाकिस्तानच्या बाजूच्या स्थानिक 'आझाद' फौजा विसर्जित कधी करायच्या, यावर वेगळंच घोडं अडलं. १९५० मध्ये ओवेन डिक्सन या ऑस्ट्रेलियन न्यायाधीशांनी फक्त खोऱ्यापुरतं सार्वमत आणि बाकीची वाटणी असा पर्यायही चाचपून पाहिला. तोही बारगळला.

१९५४ मध्ये पाकिस्तानने अमेरिकेशी लष्करी करार केला आणि नेहरूंनी परिस्थिती बदलली म्हणून पाऊल मागे घेतलं. १९५७ मध्ये जम्मू-काश्मीरची स्वतःची घटना लागू झाली, त्यात राज्य भारताचं अविभाज्य अंग असल्याचं लिहिलं गेलं. पाकिस्तान ठरावाचं शेवटचं कलम दाखवतो, भारत पहिलं. दोन्ही कलमं तिथे आहेत. माझं मत विचाराल तर अट मोडण्याची सुरुवात पाकिस्तानकडून झाली, आणि ती मोडली गेल्याचं फारसं दुःख पुढे दिल्लीलाही राहिलं नाही.

संस्थानाच्या सीमेवरून सुरू झालेल्या वादात काश्मिरी माणूस कुठे आहे?

१९४७ मध्ये तो बऱ्याच अंशी भारताच्या बाजूने होता, निदान खोऱ्यात. तोवर राज्याचे पंतप्रधान झालेल्या शेख अब्दुल्लांनी १९५० मध्ये मोठ्या जमीनदारांची जमीन मोबदला न देता कुळांना वाटली. एवढी धाडसी जमीन सुधारणा तेव्हा भारतात दुसरीकडे झालेली नव्हती. भारताबरोबर राहिलो तरच हे टिकेल, असं सामान्य शेतकऱ्याला वाटायला कारण होतं.

नंतर गाडी घसरली. ऑगस्ट १९५३ मध्ये अब्दुल्लांना पदच्युत करून अटक झाली आणि मधला थोडा काळ सोडता ते १९६४ पर्यंत कैदेत राहिले. कलम ३७० कागदावर राहिलं, पण राष्ट्रपतींच्या आदेशांमागून आदेश काढून आतून पोकळ होत गेलं. निवडणुकांत विरोधकांचे अर्जच बाद होत. १९८७ ची निवडणूक तर टोकाची. मुस्लिम युनायटेड फ्रंट या विरोधी आघाडीचे उमेदवार आणि मतदान प्रतिनिधी मारहाण सोसून तुरुंगात गेले. श्रीनगरच्या अमीरा कदल मतदारसंघात उभे राहिलेले मोहम्मद युसुफ शाह पुढे सय्यद सलाहुद्दीन या नावाने हिज्बुल मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचे म्होरके झाले. त्यांच्या प्रचारात राबणारे यासीन मलिक जेकेएलएफ या स्वतंत्र काश्मीर मागणाऱ्या सशस्त्र संघटनेत गेले. मतपेटीवरचा विश्वास गेल्यावर सीमेपलीकडून बंदूक द्यायला माणसं तयार होतीच. अफगाणिस्तानातलं सोव्हिएतविरोधी युद्ध संपत आलं होतं, पाकिस्तानची गुप्तचर संस्था आयएसआयकडे शस्त्रं आणि अनुभव दोन्ही होतं.

डिसेंबर १९८९ नंतर खोरं पेटलं. निवडून निवडून झालेल्या हत्या आणि धमक्यांमुळे १९९० च्या सुरुवातीपासून काश्मिरी पंडितांना घरदार सोडावं लागलं. जम्मूच्या तंबूंत, मग एका खोलीच्या घरांत पिढी वाढली. त्याच जानेवारीत श्रीनगरच्या गावकदल पुलावर निदर्शकांवर गोळीबार झाला. दोन्ही घटना एकाच आठवड्यातल्या, पण दोन समाजांच्या आठवणीत एकमेकींशेजारी त्या क्वचितच बसतात. 'पाकिस्तानने पेटवलं' आणि 'दिल्लीने पेटवलं' यातलं एकच निवडायचा हट्ट मला पटत नाही. लाकूड इथे वाळलेलं होतं आणि काडी तिथून आली.

पाकिस्तान काश्मीरचा इतका आग्रह का धरतो?

मुसलमान हे वेगळं राष्ट्र, या सिद्धांतावर तो देश उभा राहिला. शेजारचा मुसलमानबहुल प्रांत भारतात सुखाने नांदला तर सिद्धांतालाच तडा जातो. भारताचंही तसंच आहे: तो प्रांत धर्माच्या नावाने गेला तर धर्मनिरपेक्षतेच्या दाव्याचं काय? १९७१ मध्ये बांगलादेश झाला आणि पाकिस्तानला सिद्धांताच्या जखमेवर पराभवाचीही जखम मिळाली. शिवाय तिथल्या लष्कराचं राजकारणातलं वजन आणि अंदाजपत्रकातला वाटा भारताच्या भीतीवर उभा आहे. १९६५ चं काश्मिरात घुसखोर पाठवणारं ऑपरेशन जिब्राल्टर काय किंवा १९९९ चं कारगिल काय, दोन्ही आखणाऱ्यांना वाटलं होतं की भारत मोठ्या युद्धात उतरणार नाही किंवा काश्मिरी लोक उठतील. दोन्ही हिशेब चुकले.

यात पाण्याचा भाग किती?

बोललं जातं त्यापेक्षा जास्त. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचं पाणी बंद केलं. महिन्याभरात ते पुन्हा सुरू झालं, पण लाहोरच्या परिसरातल्या शेतकऱ्याने पेरणीच्या तोंडावर कोरडा कालवा पाहिला, ती भीती गेली नाही. सिंधू, झेलम, चिनाब काश्मीरमधूनच खाली उतरतात. जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयुबखान यांनी सिंधू जलकरारावर सह्या केल्या: रावी, बियास, सतलज भारताला, सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. सहा नद्यांच्या पाण्यातला सुमारे ८० टक्के वाटा असा पश्चिमेला गेला.

पश्चिमेकडच्या नद्यांवर भारत वीज करू शकतो, पण साठ्यावर मर्यादा. त्यामुळे वाद धरणाच्या दारांच्या उंचीवर येतो. चिनाबवरच्या सलाल प्रकल्पात पाकिस्तानच्या आक्षेपावरून गाळ सोडणारी तळाची दारं बंद करावी लागली आणि जलाशय गाळाने भरत गेला. बगलिहार, किशनगंगा इथेही तेच, फक्त लढाई तज्ज्ञांपुढे आणि लवादापुढे. तीन युद्धांत टिकलेला हा करार भारताने पहलगाम हल्ल्यानंतर, २३ एप्रिल २०२५ रोजी स्थगित ठेवला.

चीन यात कुठून आला?

अक्साई चीनमधून. शिनजियांग आणि तिबेट जोडणारा रस्ता चीनने १९५७ पर्यंत तिथून काढला आणि भारताला तो उशिरा कळला. इंग्रजांनी या भागात एकाहून अधिक रेषा सुचवल्या होत्या, पण चीनशी करार एकीवरही केला नव्हता. १९६२ च्या युद्धाने ताबा पक्का झाला.

सियाचीनवर कोणी राहत नाही, मग भांडण कशाला?

१९४९ च्या कराचीतल्या करारात युद्धबंदी रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंतच आखली. पुढे रेषा उत्तरेला हिमनद्यांकडे जाते, एवढंच लिहून कागद मिटला. तिथे कोण कडमडणार, असं आखणाऱ्यांना वाटलं असावं. १९७२ मध्ये नियंत्रण रेषा ठरवतानाही तो बिंदू तसाच राहिला. पुढे पाकिस्तान परदेशी गिर्यारोहकांना परवाने देऊ लागला, भारताच्या लक्षात आलं, आणि १३ एप्रिल १९८४ रोजी ऑपरेशन मेघदूतमध्ये भारतीय जवानांनी सालतोरो रांगेवरच्या खिंडी धरल्या. तिथे गोळीपेक्षा थंडीने आणि हिमकड्यांनी जास्त माणसं मारली आहेत.

दोघांकडे अणुबॉम्ब आल्यावर वाद निवळायला हवा होता ना?

मोठं युद्ध टळलं; वाद गोठला. मे १९९८ मध्ये पोखरण आणि चगाई इथल्या अणुचाचण्या, फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोर जाहीरनामा, आणि मे मध्ये कारगिल. बॉम्बच्या आडोशाने छोटं युद्ध खेळता येतं, असा पाकिस्तानी सेनाधिकाऱ्यांचा होरा होता. भारताने नियंत्रण रेषा न ओलांडता शिखरं परत घेतली. २००१ च्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर दहा महिने सैन्य सीमेवर उभं राहिलं आणि परतलं. २०१६ पासून भारताने दहशतवादी हल्ल्याला सीमेपलीकडे मारून उत्तर द्यायला सुरुवात केली: उरीनंतर, पुलवामानंतर बालाकोट, आणि पहलगाममध्ये २६ जणांना मारल्यानंतर मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर. दर वेळी पायरी वरची.

तरीही एक रीत पाळली जाते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून. कारगिलच्या पुढच्या जानेवारीतही दिल्या.

तोडगा कधी टप्प्यात आला होता का?

सर्वांत जवळ बहुधा २००४ ते २००७ मध्ये. मनमोहनसिंग आणि मुशर्रफ यांच्या दूतांनी पडद्याआड सूत्र बसवलं: रेषा जागेवर राहील पण लोकांना आणि मालाला मोकळी होईल, दोन्हीकडे स्वशासन, टप्प्याटप्प्याने सैन्यकपात, काही विषयांवर एकत्र यंत्रणा. ७ एप्रिल २००५ ला श्रीनगर–मुझफ्फराबाद बस सुरू झाली. मार्च २००७ मध्ये मुशर्रफ सरन्यायाधीशांना हटवण्याच्या भानगडीत अडकले आणि पुढच्या वर्षी मुंबईवर हल्ला झाला.

कलम ३७० गेल्यावर प्रश्न सुटला का?

५ ऑगस्ट २०१९ च्या निर्णयाने भारतांतर्गत दर्जा बदलला, लडाख वेगळं झालं, आणि ११ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पाकिस्तान आणि चीनच्या दाव्यांवर त्याचा परिणाम शून्य.

पाकिस्तानने गिलगिट-बाल्टिस्तानला पूर्ण प्रांत का केलं नाही?

केलं तर 'हा सगळा प्रदेश वादग्रस्त आहे, कौल घ्या' हा त्याचाच दावा लंगडा पडतो. त्यामुळे तिथल्या लोकांना पाकिस्तानच्या संसदेसाठी आजही मतदान करता येत नाही. मुझफ्फराबादेत, म्हणजे पाकिस्तानच्या ताब्यातल्या 'आझाद काश्मीर'मध्ये, तर निवडणूक लढवायची तर पाकिस्तानात विलीन होण्यावर निष्ठा लिहून द्यावी लागते. स्वतंत्र काश्मीर मागणाऱ्याचा अर्ज तिथेच बाद होतो. स्वयंनिर्णयाची मागणी करणाऱ्या देशात हा नियम आहे, आणि त्याबद्दल इस्लामाबादला कोणी फारसं विचारत नाही.

परदेशी नकाशांत काश्मीर तुटक रेषांनी का दिसतं?

ते ताबा दाखवतात, दावा नाही. भारतात सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापणं हा गुन्हा आहे, म्हणून इथल्या पुस्तकांत पूर्ण संस्थान दिसतं. पाकिस्ताननेही ऑगस्ट २०२० मध्ये नवा राजकीय नकाशा काढला. त्यात काश्मीर तर आहेच, गुजरातेतलं जुनागढही आहे.